बेचाळीस घरांची भीड

मी मूळची तोबा सरोवराकाठची, बटाक. आमच्याकडे जेवताना कुणी 'मीठ दे' म्हटलं तरी पलीकडच्या गावाला वाटतं, भांडण पेटलं. लग्न करून मी जावात आले, मेर्बाबू डोंगराच्या पायथ्याशी, आणि इथे भांडण पेटलं तरी पलीकडच्या खोलीत कळत नाही. इथल्या माणसांना 'नाही' म्हणता येत नाही. शब्द आहे, पण तो पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीसारखा कपाटात असतो, काढत कुणीच नाही.

पहिली दोन वर्षं मी नाही म्हणायचे. लोक हसून माझ्या नवऱ्याकडे बघायचे आणि नवरा जमिनीकडे. तिसऱ्या वर्षापासून मीही हो म्हणू लागले. आता दहावं वर्ष आहे, आणि माझं हो इथल्या बायकांपेक्षा गोड झालंय. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की, त्या सतरा ऑगस्टला माझ्या मुलीची जी वरात निघाली तिचा दोष मला दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. प्रयत्न करून पाहिला.

मुलगी किनांती, आठ वर्षांची. जन्मापासून तिच्या पायांचे स्नायू ताठ आहेत. डोक्याने पायाला धाडलेला निरोप वाटेत रेंगाळतो, असं डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं. गुडघ्याखाली पट्ट्या, दोन्ही हातांत कुबड्या. चालते हळू, बोलते भरभर. धाकटा गिलांग पाच वर्षांचा, त्याचं नेमकं उलट. गेलं वर्षभर दर रविवारी आम्ही चौघं घरामागच्या पायुंग टेकडीवर जातो. मोठ्या माणसाला माथा पाऊण तासाचा. आम्हाला अर्ध्यावरच्या खोपटापर्यंतच दीड तास लागतो. किनांती चालते, पडते, शिव्या घालते, उठते. गिलांग पुढे पळतो आणि परत येऊन सांगतो की पुढेही झाडंच आहेत. माझा नवरा प्रास प्रत्येक आळंब्यापाशी उकिडवा बसतो. खोपटात उकडलेले शेंगदाणे खायचे आणि उतरायचं. माथ्यावर आम्ही अजून गेलो नव्हतो. किनांतीने मात्र ठरवून टाकलं होतं, यंदा जायचंच.

जुलैत आमच्या आर-टेला, म्हणजे बेचाळीस घरांच्या आमच्या वस्तीला, वरून कागद आला. सतरा ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त स्पर्धा: 'बालस्नेही आणि सर्वसमावेशक वस्ती'. गेल्या वर्षीची स्पर्धा औषधी बागेची होती. ती आम्ही हरलो, कारण परीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी पाक तार्नो नावाच्या शेजाऱ्याची बकरी बागेत शिरली आणि सगळी बाग फस्त करून गेली. बकरीला पुढे काहीही झालं नाही, हाच काय तो त्या औषधांचा गुण दिसला. तेव्हापासून वस्ती सूडाला पेटली होती. अर्थात हसतमुखाने.

वस्तीचे प्रमुख पाक मुल्योनो, निवृत्त मास्तर. इथे मानाने पुरुषांना पाक म्हणतात, बायकांना बू, आणि मी नवऱ्याच्या नावाने बू प्रास. त्यांच्या ओसरीवर चटया पडल्या, चहा आला, तळलेली केळी आली. त्यांनी कागद दोनदा वाचला, 'सर्वसमावेशक' या शब्दापाशी चष्मा काढला, आणि सगळी सभा माझ्याकडे वळली. तशा नजरेने माझ्याकडे लग्नातसुद्धा कुणी बघितलं नव्हतं. बेचाळीस घरांत एक तसं मूल होतं आणि ते आमच्याकडे होतं.

"आर-टे चारमध्ये एकही नाही," पाक तार्नो समाधानाने म्हणाला. त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याचं पोट झाकायला त्या दुकानाचं शटर लागेल.

"असं बोलू नये," पाक मुल्योनो म्हणाले. "पण खरंच नाही का?"

ठरलं असं: सतरा तारखेला सकाळी सगळ्या कुटुंबांनी मुलाबाळांसह पायुंग चढायची. माथ्यावर लाल-पांढरा झेंडा फडकवायचा. परीक्षक दहाला तिथे येतील. मग समिती नेमली. पाऊण तासाच्या टेकडीसाठी सतरा जणांची समिती. खानपान विभाग, साहित्य विभाग, छायाचित्र विभाग, आरोग्य विभाग, आणि पाऊस अडवायला मंत्र जाणणारा एक म्हातारा. ऑगस्टात इथे पाऊस पडत नाही, पण म्हाताऱ्याला वगळलं तर त्याला काय वाटेल? शर्टाचा रंग ठरवायला पुढच्या तीन सभा लागल्या आणि तो लाल ठरला, जो पहिल्यापासून सगळ्यांना माहीत होता.

"आणि आपली किनांती?" बू सुप्रिहातिन म्हणाल्या. या पाक मुल्योनोंच्या बायको आणि खानपान विभागाच्या प्रमुख. "बिचारी ती! तिला आपण डोलीतून नेऊ. बांबूची करू, सजवू. चार-चार बाप आळीपाळीने उचलतील. किती सुंदर दिसेल ते!"

मी घसा साफ केला. किनांतीला चालायचं आहे, एवढं एकच वाक्य होतं. पण इथे थेट वाक्यावर येत नाहीत, आधी चार पायऱ्या उतराव्या लागतात. म्हणून मी सुरुवात केली, "माफ करा, माझं बोलणं चुकलं तर पोटात घाला. बू सुप्रिहातिन, तुमची कल्पना फारच सुंदर आहे. माझ्या मुलीचा तुम्ही एवढा विचार केलात, आम्ही दोघं कायम ऋणी..."

टाळ्या पडल्या. मी 'पण'पर्यंत पोचलेच नव्हते. लेखनिकाने वहीत लिहिलं: कुटुंबाची आनंदाने संमती. कुणीतरी माझ्या ताटलीत आणखी एक केळं ठेवलं. मी ते खाल्लं. आईने मला लहानपणी सांगितलं होतं, भीड ही भिकेची बहीण असते. बटाक भाषेत ती म्हण आणखी वाईट आहे.

घरी किनांती दारातच बसली होती. ती मला मामा म्हणते, इथे आईला तसंच म्हणतात.

"सांगितलंस?"

"काय?"

"मी चालत येणार ते. मला बातमी लागली, मामा. गिलांग खिडकीत होता. मला डोली नको."

"सांगते."

"केव्हा?"

"सांगते म्हटलं ना."

"सगळी मुलं चालणार आहेत. मी खुर्चीत बसून त्यांच्या डोक्यावरून जाऊ? मी काय नवरी आहे? मला सगळ्यांसारखा लाल शर्ट पाहिजे आणि चालायचंय. मी शेवटी राहीन, कुणाला त्रास देणार नाही. शपथ घे, सांगशील."

मी शपथ घेतली.

इथे नवऱ्याला 'मास' म्हणतात आणि बायकोला 'दिक'. दुसऱ्या दिवशी मी प्रासला म्हटलं, "मास, तू इथलाच. तुला त्यांची रीत कळते. जा आणि डोली नको म्हणून सांगून ये."

"जातो, दिक," तो म्हणाला आणि गेला. दोन तासांनी आला. चेहरा असा की, मला वाटलं घरात कुणी गेलं.

"सांगितलंस?"

"सांगायला गेलो होतो."

"मग?"

"मी म्हटलं, डोलीविषयी थोडं बोलायचं होतं. पाक मुल्योनोंना फार आनंद झाला. म्हणाले, तुमच्यासारखा आपणहून पुढे येणारा माणूसच हवा होता." त्याने खिशातून एक बिल्ला काढला. "मला डोली विभागाचा प्रमुख केलंय."

मी तो बिल्ला उलटसुलट करून पाहिला. "आणि तू हो म्हणालास?"

"दिक, त्यांनी बिल्ला छापून घेतला होता. नाव रिकामं ठेवून."

तिसरी संधी स्वतः चालून आली. बू सुप्रिहातिन मापाची फीत घेऊन किनांतीचं माप घ्यायला आल्या, आणि सोबत नारळाच्या दुधातल्या रताळ्यांचा वाडगा. आता समोरच्याने वाडगा आणला असताना त्याला नाही म्हणायचं हे बटाकांनाही जमत नाही. मी ठरवलं, वाडगा परत करताना सांगू. रिकामा वाडगा परत करत नाहीत, म्हणून मी त्यात आमच्याकडची मसाल्याची मासळी घातली. त्यांच्या दारात गेले तर त्या म्हणाल्या, अगं बाई, एवढं कशाला, आणि वाडगा परत आला तांदळाच्या लाडवांनी भरून. पुढच्या आठवड्यात तो वाडगा सात वेळा ये-जा करून थकला. आमच्या दोन्ही घरांची माणसं जाडी झाली. डोलीचा विषय निघाला तेवढ्या वेळा मी म्हणाले, हो, छानच होतेय.

दर वेळी किनांती विचारायची, "सांगितलंस?" मग एक दिवस तिने विचारणं बंद केलं. तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. मला हायसं वाटलं, हे खरं सांगते.

शर्ट आले. सगळ्यांचे लाल. किनांतीचा एकटीचा पांढरा, छातीवर मोठ्या अक्षरांत: 'मला मर्यादा नाहीत!'

किनांतीने तो वाचला. "आहेत की," ती म्हणाली. "ह्या काय, दोन." आणि पाय हलवून दाखवले.

"छान आहे गं शर्ट," मी म्हणाले.

"मग तू घाल."

सतरा तारखेला साडेसहाला निघायचं होतं, म्हणून आठला निघालो. ऐंशी माणसं, त्यात तीसेक मुलं, एक ढोल, एक हातात धरायचा भोंगा, अठ्ठ्याऐंशी जेवणाच्या डब्या. डोली उचलायला बारा बापांची यादी होती. बाराच्या बारांनी हो म्हटलं होतं. त्यातल्या चौघांच्या कंबरेत त्याच सकाळी चमक भरली, एकाला भाच्याची सुंता आठवली, आणि दोघं कुठे गेले ते अजून कळलेलं नाही. उरले पाच. पाक तार्नो त्यांत होता, कारण बकरीमुळे त्याला कशालाच नकार देता येत नव्हता.

डोली म्हणजे वेताची खुर्ची, दोन लांबच लांब बांबूंना बांधलेली, लाल-पांढऱ्या कागदी झिरमिळ्या, वर छत्री. किनांतीला त्यात बसवून ओढणीने बांधलं. कुबड्या साहित्य विभागाने ताब्यात घेतल्या, त्यांवर चिठ्ठी डकवली: 'आर-टे ५, साहित्य क्र. ३१', आणि चटयांच्या गठ्ठ्यात घातल्या. "फोटोत येतात ना त्या," साहित्य प्रमुखांनी मला आदराने समजावलं. मी मान हलवली. किनांती माझ्याकडे बघत नव्हती. ती सरळ समोर बघत होती, फोटोतल्या मंत्र्यांसारखी.

ढोल वाजला, वरात निघाली. डोली सगळ्यांत पुढे, कारण मान तिचा. आणि मान तिचा म्हणून कुणी तिच्या पुढे जायचं नाही. वाट दीड हात रुंद. कोबीच्या वाफ्यांपर्यंत ठीक चाललं, मग चढ लागला आणि बाप घामाने निथळू लागले. दर वीस पावलांना एकजण थांबायचा आणि उरलेले तिघं म्हणायचे, "का हो, दमलात?" तो म्हणायचा, "छे छे! तुम्हाला विश्रांती हवी असेल म्हणून थांबलो." मग तिघं म्हणायचे, "आम्हाला? मुळीच नाही!" असं म्हणून चौघंही तिथेच पाच मिनिटं उभे राहायचे. मागे ऐंशी माणसं. लहान मुलं बांबूच्या बनात शू करून आली, पुन्हा करून आली, तरी डोली तिथेच. दोन वर्षांची एक पोर तर आजीच्या कडेवर झोपून, उठून, दूध पिऊन मोकळी झाली.

"मामा," गिलांग मोठ्याने म्हणाला, "म्बाक किनांती स्वतः चालते तेव्हा याच्याहून लवकर जाते."

"हळू बोल," मी म्हणाले.

खोपटाच्या अलीकडे वाट एकदम उलटी वळते. आम्ही चौघं ती दर रविवारी वळत होतो, म्हणून मला ते वळण पाठ होतं. डोली विभागाच्या प्रमुखालाही पाठ असायला हवं होतं. पण बांबू किती लांब तोडायचे हे पाक मुल्योनोंनी विचारलं तेव्हा प्रास म्हणाला होता, तुम्ही म्हणाल तसं. आता वाट वळली आणि बांबू वळेनात. पुढचे दोघं वळणापलीकडे, मागचे दोघं अलीकडे, आणि मधे खुर्ची दरीवर लटकलेली. बाप एकमेकांना वाट देऊ लागले. "आधी तुम्ही." "नाही, नाही, तुम्ही." खुर्ची कलली. छत्री सुटून खाली कोबीत गेली.

"मला खाली ठेवा," किनांती म्हणाली.

"घाबरू नकोस हं, बाळ," पाक तार्नो धापा टाकत म्हणाला. त्याचा चेहरा शर्टाच्या रंगाचा झाला होता. "आम्हाला काही त्रास नाही."

"मला त्रास आहे. खाली ठेवा."

पाक तार्नोने पाक मुल्योनोंकडे पाहिलं. पाक मुल्योनोंनी प्रासकडे पाहिलं, तो विभागप्रमुख होता. प्रासने माझ्याकडे पाहिलं. ज्या मुलीला दरीवर टांगलं होतं ती सोडून सगळ्यांना विचारून झालं. पाक मुल्योनो भोंगा खाली करून मला म्हणाले, "बू प्रास, कसं करूया? तुमची काही हरकत नसेल, तर जरा सरळ करून असंच नेऊ. परीक्षक दहाला येतील. अर्थात तुम्ही म्हणाल तसंच."

ऐंशी तोंडं माझ्याकडे. माझ्या ओठांवर 'हो, चालेल' येऊन उभं राहिलं होतं, शपथेवर सांगते. इतक्या वर्षांची सवय. मग किनांतीने त्या सकाळी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मी समजावलं असतं. मी काय म्हणणार ते तिला आधीच ठाऊक होतं, असं ती बघत होती.

"नाही!" मी म्हणाले.

म्हणाले कसली, ओरडले. तो माझा आवाजच नव्हता, सरोवरापलीकडे हाक घालणाऱ्या माझ्या आईचा होता. खालच्या शेतातला माणूस कोबी सोडून उभा राहिला.

"खाली ठेवा तिला. आत्ताच्या आत्ता. तिला डोली नको होती. तिला चालायचं होतं, महिनाभर ती मला सांगतेय आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. तुमचं काही चुकलं नाही, सगळं माझं चुकलं. पण आता खाली ठेवा."

पाक तार्नो म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह," आणि त्याने डोली इतक्या झटकन खाली ठेवली की, बाकीच्या तिघांचे खांदे तसेच वर राहिले.

साहित्य प्रमुख कुबड्या देईनात. क्रमांक ३१ माथ्यावरच द्यायचा असं वहीत लिहिलं होतं. प्रासने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता काहीतरी केलं. चटयांचा गठ्ठा सोडला, कुबड्या काढल्या, आणि मग साहित्य प्रमुखांची तीन वेळा माफी मागितली.

किनांती उभी राहिली. एक पाऊल टाकलं, आणि वस्तीने टाळ्या वाजवल्या. दुसरं टाकलं, ढोल वाजला. "जिद्द बघा!" पाक मुल्योनो भोंग्यातून म्हणाले, त्यांचा आवाज खरंच दाटला होता. "शाब्बास किनांती! तीन! चार!" छायाचित्र विभाग उलटा चालत तिच्या तोंडासमोर फोन धरून होता. एक बाई रडायला लागली. मग तिचं बघून दुसरी. आगीतून निघून पोर फुफाट्यात पडली होती.

ती थांबली. "मामा, त्यांना गप्प बसायला सांग. माझा तोल जातो."

दुसरं नाही पहिल्याइतकं जड गेलं नाही. "टाळ्या नकोत," मी म्हणाले. "तुम्ही सगळे पुढे व्हा. आम्ही येतो मागून."

"तुम्हाला सोडून?" पाक मुल्योनो गोरेमोरे झाले. "लोक काय म्हणतील? परीक्षक काय म्हणतील?"

"म्हणावं, येतायत मागून."

"असं कसं, बू प्रास..."

"जा हो!" किनांती म्हणाली.

गेले. पण जावातला माणूस दुसऱ्याच्या पुढे नुसता जात नाही. कमरेत वाकून, उजवा हात खाली सोडून, माफ करा हं, पुढे जातो, असं म्हणून जातो. ऐंशी माणसं एकेक करून किनांतीपुढून वाकून गेली. ऐंशी वेळा ती म्हणाली, या, या. तो म्हातारा पाऊसवाला तर परत मागे आला, कारण त्याला वाटलं आपण पुरेसं वाकलो नाही. शेवटी रिकामी डोली गेली. ती कार्यक्रमपत्रिकेत होती, तिला वर नेणं भाग होतं. रिकामी झाल्यावर भराभर चढली.

मग वाटेवर आम्ही चौघंच उरलो. गिलांग पुढे पळाला आणि येऊन म्हणाला की पुढेही झाडंच आहेत.

पुढचे दोन तास फार थोर वगैरे नव्हते. किनांती तीन वेळा पडली. एकदा मुळावर बसून रडली आणि हा डोंगर कुणी केला म्हणून विचारू लागली. गिलांगने तिची कुबडी तलवार म्हणून पळवली, तेव्हा तिने दुसरी त्याच्या पाठीत घातली. माथ्याखालच्या मुरमाड पट्ट्यात तिचे पाय अगदीच ताठले, तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "बापा, इथे पाठीवर घे. त्या दगडापर्यंत." प्रासने घेतलं, त्या दगडापाशी उतरवलं. वरून झेंडागीत ऐकू आलं तेव्हा आम्ही अजून पाइनच्या झाडांत होतो. प्रास सावधान उभा राहिला. किनांती म्हणाली, मी बराच वेळ उभीच आहे, आता बसते.

गीत संपल्यावर थोड्या वेळाने वरून एक गृहस्थ उतरत आले. टोपी, छातीवर ओळखपत्र, हातात फाईल. परीक्षक. दुसऱ्या बाजूने कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून माथ्यावर आले होते आणि आता पायथ्याच्या पुढच्या वस्तीकडे निघाले होते.

"अरे वा!" ते किनांतीला बघून थांबले. "तुम्ही कुठल्या आर-टेचे? आर-टे पाचवाले वर आहेत, बघितलेत का? काय वस्ती आहे! त्यांनी त्यांच्या खास मुलीला डोलीतून वर आणलं. इतकी गोड पोर! आणि जिद्द म्हणजे काय! फोटो झाल्याबरोबर खुर्चीतून उडी मारून उतरली आणि धावत जेवणाची डबी घ्यायला गेली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं."



"तुमच्या वस्तीने मात्र..." त्यांनी आवाज खाली आणला. "या मुलीला असं मागे टाकून जायला नको होतं. कुठली आर-टे, सांगा ना. मला नोंद करावी लागेल."

मी तोंड उघडलं. प्रासने तोंड मिटलं. किनांती कुबड्यांवर जरा सरळ झाली आणि अस्सल जावा रीतीने, मान तुकवून म्हणाली, "माफ करा, पाक. आम्ही स्पर्धेतले नाही. आम्ही नुसते फिरायला आलोय."

"असं होय," परीक्षक म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. "मग ठीक आहे." आणि वाकून, माफी मागून, पुढे गेले.

माथ्यावर पोचायला साडेअकरा झाले. वर कुणीच नव्हतं. बाकीचे सगळे पलीकडच्या सोप्या वाटेने घरी उतरले होते. झेंडा होता. झिरमिळ्या झडलेली डोली होती. आणि तिच्या सावलीत बू सुप्रिहातिन एकट्या बसल्या होत्या, पुढ्यात चार डब्या, मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती पाण्याची रेघ. डबी राहिली तर खानपान विभागाला घरी जाता येत नाही, असा त्यांचा स्वतःचा नियम.

मला बघून त्या उठल्या, बसल्या, परत उठल्या. "बू प्रास," त्या म्हणाल्या, "माझ्या पुतणीला बसवलं हो खुर्चीत. हे म्हणाले, परीक्षक आले, खुर्ची रिकामी कशी दाखवायची? मी नको म्हणणार होते. तोंडाशी आलं होतं. पण सगळे उभे होते, आणि..."

"आणि हो म्हणालात," मी म्हणाले.

"हो," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण कोणत्या तोंडाने?

किनांती येऊन धपकन चटईवर बसली. नख काळं, कोपर सोललेलं, पांढरा शर्ट आता कुठल्याच रंगाचा नव्हता. बू सुप्रिहातिन लगबगीने तिच्याजवळ सरकल्या, डबी उघडली, भाताचा घास केला आणि गळा काढून म्हणाल्या, "दमली गं माझी बिचारी! आ कर, मी भरवते."

"नको," किनांती म्हणाली. "मी जेवते माझी."

घास हवेत थांबला. काय झालं कोण जाणे. दीड तास ताटकळत बसून राहिल्याचा शीण असेल, पुतणीची टोचणी असेल. तो घास त्यांनी डबीत परत आपटला.

"मग जेव ना!" त्या कडाडल्या. "बघत काय बसलीस? भात कधीचा गार झालाय! आणि हे हात बघ, शी! या हातांनी जेवणार? आईने काही वळण लावलंय का नाही? ऊठ, आधी धू!"

आठ वर्षांत आमच्या मुलीवर शेजारपाजारचं कुणी कधी डाफरलं नव्हतं. तिच्यासमोर गिलांगला मार बसायचा, तिला लाडू मिळायचा.

किनांतीचा चेहरा हळूहळू फुलला, पार कानापर्यंत. तिने कुबड्या ओढल्या, उठली, हात धुतले, येऊन बसली, आणि गिलांगचं लक्ष नाही बघून त्याच्या डबीतलं अंडं उचललं. बू सुप्रिहातिननी ते बघितलं आणि तिला दुसऱ्यांदा फटकारलं.